हस्ते परहस्ते

डंडीत नोव्हेंबरला चार वाजताच दिवेलागण होते.
टे नदीवरचा पूल पिवळा झाला, आणि इशबेल विचारते,
पेटिग्र्यू आजोबांचं पान कोरं का?

ग्रंथालयाचं ॲप. यादीतून पुस्तक निवडलं
की पुढच्या पानाला मी हळूच सांगते
हा कुठून आला, कोणती शाखा, यादीत कितवा होता.
राउटर ते मुठीत धरून नेतो,
पत्त्यावर लिहीत नाही.
आठ महिने बिनबोभाट चाललं.

आजोबांना लेकीनं लिंक पाठवली.
ते थेट दारात उभे. मागचं पान नाही, मूठ नाही.
माझ्या कंपोनेंटनं
या, बसा, कुठून आलात, काही विचारलं नाही,
अनडिफाइन्ड म्हणून अंग टाकलं.

वरून खाली प्रॉपनं देऊ, इशबेल म्हणते.
म्हणजे मध्ये पाच जण:
चौकट, तिच्यातला रकाना, रकान्यातली पेटी…
ज्याचं त्यांना काही नाही असं ओझं
पुढच्याच्या हातात ठेवत राहायचं.

मला आईची बरणी आठवली.
निपाणीहून शकूमावशी, पुण्यात कुणी खटावकर,
त्यांचा भाचा, हीथ्रो, पर्थला एक रात्र,
मग परवा माझं दार.
बरणी पोचली. तोंडाचं फडकंसुद्धा तसंच.
'अजून महिनाभर मुरू दे'
हे कुठल्या हातातून सांडलं, देव जाणे.
मी काल लिंबाची फोड चावली. कडूजहर.
आईला फोनवर म्हटलं, मस्त झालंय.
तेव्हा तिनं विचारलं, इतक्यात उघडलंस?

साडेसहाच्या मिट्ट काळोखात
मी शाखा पत्त्यातच लिहिली,
प्रश्नचिन्हापुढे, उघड, कुणालाही वाचता येईल अशी.
यादीतली जागा राहू दिली मुठीत;
हरवली तर हरवली.
आणि दारात एक ओळ:
येणाऱ्याच्या हातात काही नसेल
तर निदान पुस्तक तरी दाखव.

इशबेलनं लिंक स्वतःलाच पाठवली,
नव्या खिडकीत उघडली, चहाचा घोट घेतला.
'ब्रॉटी फेरी शाखा. मासेमारीची जाळी कशी विणावीत. एक प्रत.'
ठीक, म्हणाली. तिचं ठीक म्हणजे पुष्कळ झालं.

घरी येऊन बरणी फडताळात मागे सरकवली.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख,
आणि खाली, मीच वाचणार असले तरी,
ठळक अक्षरांत: अजून नाही.