कडता

मार्केट यार्डात आठ वर्षं मी वजनं लिहिते.
राजापुरी हळदीचं पोतं, त्यातून बारदानाचा कडता,
राहील ते निव्वळ.
म्हणून मिरजेच्या दवाखान्यात काट्यावर चढण्याआधी
सवयीनं शून्य तपासलं.
शून्यावर नव्हता काटा.
सिस्टर आवळेंना म्हटलं, दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय.
त्या म्हणाल्या, बाई,
दोनशे ग्रॅमचं काय घेऊन बसलात.

एक्क्याऐंशी चारशे.
सव्वीसावा आठवडा.

लग्नानंतर सहा वर्षं
पाळी चार-चार महिने फिरकायची नाही,
हनुवटीवर दर पंधरवड्याला दोरा,
आणि ज्याला त्याला एकच माहीत :
आधी वजन उतरव, मग दिवस राहतील.
वजन उतरलं नाही.
दिवस राहिले.
आता तीच माणसं डबे घेऊन येतात.
डिंकाचे लाडू, तुपाचा शिरा, दोन जिवांची आहेस.
आत्या ताटाशी बसून राहतात
आणि दुसरी भाकरी मी नको म्हटली
की माझ्याकडे नाही, पोटाकडे बघतात.

पहाटे पाचला थायरॉइडची गोळी.
मोहरीपेक्षा थोडी मोठी.
एवढ्याशा गोळीनं एवढा गाडा हाकायचा!
डॉक्टरीणबाईंनी कागदावर बाण काढून दाखवलं,
ही गळ्यातली गाठ, ही मेंदूखालची,
आणि हे वारेतून सुटतं,
तुमची साखर रक्तातच अडवून धरतं,
बाळाला कमी पडू नये म्हणून.
म्हटलं, म्हणजे माल अडवून ठेवणारा दलालच की.
त्या पहिल्यांदा हसल्या.
मग इन्सुलिन लिहून दिलं.

डोहाळजेवणाला फुलांचा बाजूबंद
दंडाला पुरेना.
नणंदेनं मागून सेफ्टी पिन लावून दोरा वाढवला.
कुणी काही बोललं नाही.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
झाकल्या वाटीखाली पेढा निघाला,
बायका ओरडल्या, मुलगा, मुलगा!
पेढा मी रुमालात बांधून ठेवला.
सकाळची उपाशीपोटीची साखर एकशे अठरा होती.

रात्री जेवणानंतर दशरथ चालायला नेतो,
बायपासच्या पुलापर्यंत.
तो दोन पावलं पुढे.
मागं वळून कधी विचारत नाही दमलीस का,
नुसता चप्पल झटकायला थांबतो,
मी जवळ येईपर्यंत झटकत राहतो.

झोप येत नाही तेव्हा हिशेब मांडते.
आधीची मी चौऱ्याहत्तर.
बाळ नऊशे ग्रॅम. वार चारशे. पाणी सातशे.
पिशवी सातशे, वाढलेलं रक्त एक किलो तीनशे,
छातीचे चारशे.
बेरीज चार किलो चारशे.
उरले तीन. काट्याची चूक काढली
तर दोन किलो आठशे.
हे कुणाच्या नावावर लिहू?
आणि ते आधीचे चौऱ्याहत्तर,
ज्यांना सगळ्यांनी मिळून कडत्यात धरलं,
त्यांतली मी मालात की बारदानात?

दशरथ झोपेत कूस बदलतो. म्हणतो, लाईट घालव.

आज सौद्यात गर्दी होती.
इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा ठरेना,
एकावन्न दोनशे, एकावन्न आठशे, परत दोनशे.
अडत्या ओरडला,
ताई, पाय काढा, पाय आहे तुमचा प्लेटवर!
पायाकडे बघितलं तर पोटच दिसलं.
चाचपडत पाय मागं घेतला.
आकडा ठरला.
तेवढ्यात आतून कुणीतरी
बरगडीखाली पाय टाकला,
चांगला दाबून.
मी पेन टेकवलं,
एकावन्न दोनशे लिहिलं
आणि म्हटलं,
पुढचं पोतं.