निव्वळ वजन

डावीकडच्या दोन दाढा
डॉक्टर कांकरियांनी काढल्या, हाड घासलं,
चार टाके घातले.
चिठ्ठीवर लिहिलं : मऊ खा, गार खा, भरपूर खा.
'भरपूर'खाली दोन रेघा.
नळीनं ओढून पिऊ नका म्हणाले,
रक्ताची गुठळी बसलीय तिथं, तिला बसू द्या.

जशी काही पाहुणीच.

दिंडोरी रोडच्या वजनकाट्यावर
एकोणीस वर्षं मी पावत्या फाडते.
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
वजा जाता उरेल तो माल.
टोमॅटो असो की भुसा, काट्याला चव नसते.
आता पाच दिवसांची रजा
आणि घरात माल म्हणजे मीच.
चौपन्न किलो दोनशे.
तिसऱ्या दिवशी एक्कावन्न नऊशे.

पहिल्या दिवशी मुगाचं पाणी.
दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी, मीठ जरा जास्त.
तिसऱ्या दिवशी पातेल्याचं झाकण उघडलं
आणि परत ठेवलं.

खालच्या गल्लीत सकाळी साडेआठला
मिसळीचा कट उकळतो.
वास जिना चढून येतो, बेल न वाजवता.
पित्त होतं म्हणून इतकी वर्षं नाक मुरडलं त्याला.
आज दार उघडून
सुजल्या गालानं उभी राहिले
आणि अर्धी वाटी वास घेतला.

पिंपळगावहून येताना पुंजाबा थांबला,
केबिनमधून द्राक्षांची पिशवी काढून दिली.
"बाई, हे तर पाणीच, चावायचं काय त्यात?"
मी एकेक मणी सोलत बसले.
साल काढल्यावर द्राक्ष फार उघडं दिसतं,
बघवत नाही त्याच्याकडे.
चमच्यानं चेपून उजव्या बाजूनं आत सारलं.
आंबट पाणी फिरून टाक्याशी गेलंच,
डोळ्यांपुढे काजवे.
तेवीस मणी, पाऊण तास.
पोट भरलं नाही, नुसतं जागं झालं.

खाणं एवढं दमवतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
वाटी अर्धी असतानाच हात खाली येतो.
भूक तिथंच बसलेली असते,
आपणच तिच्यापुढून उठून जातो.

तेव्हा नाना आठवले.

शेवटच्या वर्षी त्यांना कवळी बसेना,
हिरड्या सोलवटून निघाल्या.
मी कामावर जाताना खिमट भरवायची,
एक डोळा घड्याळावर, सात वीसची बस.
"पोट भरलं ना, नाना?"
ते तळहात आडवा धरत. बस.
मी वाटी मोरीत ठेवायची.
तिच्यात किती उरलं, कधी पाहिलं नाही.
मी, जी ताडपत्रीवर साचलेलं पाणीसुद्धा
ओतायला लावते वजनाआधी.

बस म्हणत होता तो जबडा.
पोटाला कुणी विचारलंच नव्हतं.

रिकामी गाडी भरल्या गाडीपेक्षा जास्त वाजते,
कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.
नाना मात्र कधी वाजले नाहीत.

रात्री साडेदहाला पुन्हा गॅस पेटवला.
नाचणी, ताक, चिमूटभर जिरेपूड.
परातीत गार पाणी घेऊन
त्यात पातेलं फिरवत राहिले,
बोट बुडवून बघत.
अर्ध्या वाटीला हात खाली आला.
भरलं ना? मी विचारलं.
उत्तर येईपर्यंत थांबले.
या वेळी बस नव्हती गाठायची.

"नाही," म्हणाले मोठ्यानं,
टाके ओढले गेले.
मग दुसरी वाटी. तिच्यात थोडं तूप.
संपायला अकरा चाळीस झाले.

सकाळी घरातल्या काट्यावर : बावन्न शंभर.
दोनशे ग्रॅम.
पावती कुणाच्या नावे फाडायची,
ठरेना.