मध्यरेषेपासून अठ्ठावीस मिलीमीटर

कोटस्थाने मास्तरांनी चाळीस वर्षं
मुलांना फुलदाणी काढायला शिकवलं:
आधी मध्यरेषा, मग डावं पोट, मग उजवं.
म्हणून ‘टिटवी’च्या पाठफळीवर त्यांनी
पेन्सिलीनं बरोब्बर मधोमध फुली मारली
आणि म्हणाले, सुकाणू इथे.
दुसरीकडे कुठे असणार?

मी स्नेहलतागंजात दिवसभर
लोकांच्या खोट्या दाढा घासते.
मला ठाऊक आहे, तोंडात काहीच मधोमध नसतं.
पण बोट त्यांची, ड्रिल त्यांची,
वय पंच्याहत्तर.
मी भोक पाडलं.

रविवार, बिलावली तलाव, सकाळचे सात.
सरळ गेली तोवर देखणी.
वळणावर पंख्यानं घुसळलेलं सगळं सुकाणूवर आलं,
पातं फेसात, म्हणजे कशातच नाही,
आणि टिटवी हट्टानं नाकासमोर
थेट बेशरमीच्या झाडोऱ्यात.

रात्री मी कागदावर मांडून दाखवलं.
शर्यत घड्याळाच्या काट्यासारखी फिरते.
सगळी वळणं उजवी.
डावं वळण येतच नाही, मास्तर,
काठाकडे परततानाही नाही.
वळताना बोट उजवीकडे कलते,
उजवी कड खोल उतरते,
तिथलं पाणी गच्च, कुणी न ढवळलेलं.
पात्याला धरायला तेच लागतं.

ते फळीकडे बघत राहिले.
चहा गार झाला.
मग म्हणाले, कुबड दिसेल.

दिसलंच.
वीसवर पात्याची आतली कड अजून फेसात.
पस्तीसवर बोट सरळ रेघेतही
उजवीकडे ओढायला लागली,
बाजारात मूल हात ओढतं तशी.
जुनी भोकं अरल्डाइटनं बुजवायची,
वाळायला रात्र, घासायला सकाळ,
पुन्हा ड्रिल, पुन्हा बिलावली.
कवळीच्या बारीक चाकानं मी पात्याला धार लावली.
गुण्यात धरून पाहिलं,
केसभर तिरकं राहिलं की
नाक पाण्यात खुपसायची बया.
अठ्ठावीसवर ती वळली.
काही न बोलता, जणू नेहमी अशीच वळते.
मास्तर टाळी वाजवायला गेले
आणि रिमोट पडता पडता वाचला.

स्क्रूवरून मात्र आमचं जुंपलं.
त्यांना स्टीलचा हवा होता, शोभेल असा.
मी नायलॉनचा लावला, आठ आण्याचा:
काही आडवं आलं तर हा तुटावा,
फळी फाटू नये.
मुद्दाम कच्चा? त्यांनी विचारलं.
मुद्दाम.

चौथ्या रविवारी दुसऱ्या फेरीत
शिंगाड्याच्या वेलीनं तो तोडलाच.
पातं वर उचललं गेलं, मी बटण सोडलं,
टिटवी तलावाच्या मध्यावर
निळी, निमूट, फिरत्या वाऱ्याच्या हवाली.

गेंदालाल कीर तिकडेच शिंगाडे तोडत होते.
त्यांच्या डोंगीला सुकाणू नाही,
एक बांबू, तोही कायम उजव्या हाताला,
त्यानंच ढकलायचं, त्यानंच वळायचं.
टिटवी घेऊन आले, उलटी केली,
बोटानं पातं वर-खाली हलवून पाहिलं.
“यो तो म्हारी डोंगी सरीको हे,” म्हणाले, “एक आड़ी.”
पैसे घेतले नाहीत.
वर पिशवीभर शिंगाडे दिले.

तिरप्या उन्हात रंगाखालची
बुजवलेली भोकं दिसत होती, तिन्ही.
मास्तर स्कूटरला टेकून एक शिंगाडा
डोळ्यांजवळ धरून किती वेळ फिरवत होते,
सोलायचं सोडून.
हा मी मुलांकडून शेकडो वेळा काढून घेतला, म्हणाले,
दोन्ही शिंगं सारखी.
बघ तरी.
मी हो म्हटलं,
पण मी तेव्हा खिशात
दुसरा नायलॉनचा स्क्रू चाचपत होते.