सात नंबरचा ड्रायर

ओर्लांडो पेटवे दिवसा फारसं बोलत नाही.
अ‍ॅक्रनमध्ये, कॉपली रोडवर, मावशीच्या लाँड्रीत
तो मशीनचे पट्टे बदलतो, नाणी मोजतो,
एकट्या मोज्यांची पेटी सांभाळतो.
कसा आहेस विचारलं तर म्हणतो, चाललंय.
संपलं.

रात्री अकराला शटर अर्ध्यावर येतं
आणि तो सात नंबरच्या ड्रायरमध्ये शिरतो,
खांद्यापर्यंत.
हातात माइक, पाठीवर कुणीतरी विसरलेला
बदकांचा टॉवेल.
मग आतून जो बोलतो, तो ओर्लांडो नसतो.
आवाज पत्र्याला घासून, गोल फिरून बाहेर येतो.
त्याचं नाव मिस्टर लिंट.

लिंट म्हणजे जाळीवर साचतं ते.
नर्सच्या गणवेशाचं, टायर कारखान्यातून
कधीच घरी बसलेल्यांच्या बनियनचं,
एकदाच वापरलेल्या लग्नाच्या टेबलक्लॉथचं,
सगळ्यांचं थोडं थोडं.
राखाडी, ऊबदार, कुणाचंच नाही.

हा मिस्टर लिंट महा उद्धट.
भाडं बुडवतो आणि वर घरमालकालाच दम देतो,
पाद्र्याच्या नव्या बुटांवर तीन मिनिटं बोलतो,
यमक जुळत आलं की मुद्दाम पाय मागे घेतो
आणि खोटं बोलला की शिंकतो.
ढोल म्हणजे ड्रायरचं दार. झांज म्हणजे चिल्लर.
मधे कुठल्याशा चर्चच्या तबकडीतली
ट्रम्पेटची दोन बोटं हवा,
इतकी सावकाश केलेली की गाय हंबरल्यासारखी.
मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो.

नवव्या ट्रॅकपर्यंत.

तिथे ढोल नाही. नुसता ड्रायर फिरतोय
आणि त्यात एक बटण, पत्र्यावर,
टक्. मग बराच वेळ काही नाही. टक् टक्.
मिस्टर लिंट म्हणतो,
माझ्या ओळखीचा एक आहे, ओर्लांडो,
भित्रा, उंदराच्या काळजाचा.
त्याला एक भाऊ होता, रोनेल.
रात्री दोनला भावाचा फोन आला, याने पाहिला,
पालथा ठेवला.
हॉस्पिटलने जाकीट परत दिलं पिशवीत घालून.
ते याने इथेच धुतलं, दोनदा. इथेच वाळवलं.
ऐकताय ना, तेच बटण.
चार मिनिटं.
मी शिंकेची वाट पाहत राहिलो.

तीनशे प्रती काढल्या, पैसे आमचेच.
कव्हरं मी केली, प्रत्येकावर जाळीतलं खरं लिंट
डिंकाने चिकटवून. एकासारखं दुसरं नाही.
महिनाभर नाक गळत होतं माझं.
ओसाकाहून कुणीतरी चार मागवल्या.
क्लीव्हलंडच्या एका दुकानाने बारा घेतल्या,
नऊ परत पाठवल्या.
बाकीच्या घड्या घालायच्या टेबलाखाली आहेत,
टेबल त्यामुळे डुगडुगायचं थांबलंय.

त्याच्या आईला एक प्रत मीच नेऊन दिली,
त्याला न विचारता.
इर्नेस्टीनबाई भेंडी चिरत होत्या.
तबकडी लावली. पाद्र्याच्या बुटांना हसल्या,
नको नको म्हणत हसल्या.
नवव्याला सुरी खाली ठेवली.
संपल्यावर सुई उचलून परत मागे नेली, स्वतःच,
ओल्या हाताने.

मग म्हणाल्या, कोण रे हा मुलगा?
मी काहीच बोललो नाही.
म्हणाल्या, जेवत नाही वाटतं वेळेवर. आवाज रिकामा येतोय.
त्याला सांग, रात्री दोनला
फोन कुणीच उचलत नाही. मीसुद्धा उचलला नव्हता.
आणि रविवारी घेऊन ये त्याला इकडे.
ओर्लांडोलाही सांग, आला तर.

सात नंबरवर आता "बंद आहे" अशी पाटी असते.
बंद नाहीये.
काल एका म्हातारीने पाटी न वाचता
त्यात आपल्या चादरी टाकल्या,
आणि ओर्लांडो पुढे होऊन
तिला काही सांगेल असं मला वाटलं.
त्याने खिशातून नाणं काढून घातलं.
चादरी फिरू लागल्या.