डावा हात खिशात

पहाटे पाचला हारगे अक्कांचा फोन :
शेगडी ओरडतीया, ई-सहा म्हणतीया,
अन् अकरा पेशंटांची पेज व्हायचीय.

मिरजेत दवाखान्यांमागच्या या गल्लीत
दर दुसऱ्या खुंटीला परगावची पिशवी असते.
ओट्यावर डबे, डब्यांवर खडूनं कॉट नंबर,
मधोमध ती काळी काच
टुंई टुंई करत.

"नुसतं बटण बंद कर की, अन् उघड."

मी टेस्टर लावला. बटण बंद, तरी आतला दिवा लागला.
कधीकाळी कुणीतरी वायरी उलट्या जोडून
पैसे घेऊन गेलेला.
प्लगच उपसला, ओट्यावर माझ्या नजरेसमोर ठेवला,
मदतीच्या भरात कुणी परत खोचू नये म्हणून.

"आता दहा मिनिटं थांबायचं."
"दहा मिनिटांत पेज होती गं बाई!"

मगदूम सर सांगायचे आयटीआयला
(चाळीस पोरं, आम्ही दोघी) :
वीज गेल्याची बातमी कपॅसिटरला उशिरा पोचते.
आणि डावा हात खिशात ठेवा.
दोन्ही हात आत गेले
तर करंट छातीतून वाट काढतो.
पोरं लगेच ठेवायची.
आमच्या ड्रेसला खिसाच नव्हता.
पहिल्या कमाईत मी शिवून घेतला, डावीकडे.
टेलर म्हणाला, मोबाईलसाठी?
म्हटलं, हातासाठी.

आठ स्क्रू वाटीत.
वायरींचा फोटो, सोडायच्या आधी.
मग मीटर : अठ्ठेचाळीस.
हात मागे.
दुधाकडं बघावं तशा अक्का आकड्यांकडं बघत होत्या.
एकवीस. चार.
चारवर बराच वेळ, मुद्दाम केल्यासारखा.
मग शून्य पॉइंट काहीतरी.

फ्यूज शाबूत.
काचेखालचा सेन्सर, पांढऱ्या मलमात रुतलेला, शाबूत.
पंख्याला बोट लावलं,
फिरेना.
पात्यांत रव्याची धूळ, तेलाचा चिकटा, हळदीचा पिवळा थर,
झुरळाचा एक पाय,
आणि एक कागद.
चिमट्यानं ओढला. फाटत फाटत आला.

कॉट नऊ. मीठ बंद.
खाली पेनानं दोन रेघा.

अक्कांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं.
"ही मी किती हुडकली. डबे उचलून बघितले सगळे."
मग?
"मग काय. आठवणीवर चालवलं."
कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती,
ती पंख्यानं खाल्लेली.

मी ब्रशवर स्पिरिट घेतलं
आणि एकेक पातं पुसत राहिले, लागत होतं त्याहून जास्त.

"घरी गेले ते," अक्का म्हणाल्या, बऱ्याच वेळानं.
"सून सांगून गेली दारातनंच. घाईत हुती."
मी विचारलं नाही, कसली घाई.
त्यांनी चिठ्ठीची घडी केली,
मिठाच्या बरणीखाली ठेवली.

शेगडी जोडून झाली. "लाव आता."
प्लग उचलला तर जाड पिन गायब,
पकडीनं तोडलेली.
"बसत नव्हती बोर्डात," अक्का म्हणाल्या, "सात वर्षं चाललंय की."
म्हटलं, अक्का, अर्थिंगशिवाय मी लावणार नाही.
पेज उशिरा झाली तर शिव्या द्या.

नवा प्लग माझ्या पिशवीत होता.
फ्रिजमागचा सॉकेट तपासला, तिथं अर्थिंग नीट होतं.
फ्रिज तासभर गप्प बसवला,
टेबल तिकडं ओढलं, पायाखाली बारदान घातलं.

आधी नुसतं पाणी ठेवलं. पंखा घुमायला लागला.
ई-सहा आलं नाही.
अक्का म्हणाल्या, लई बारीक आवाज आहे गं पंख्याला,
मला वाटायचं शेगडीचाच आहे.

सात वाजता पेज उकळली.
अक्कांनी मिठाची चिमूट उचलली
आणि ती तशीच धरून
डब्यांवरचा खडू वाचायला लागल्या,
मोठ्यानं, एकेक,
शाळेत हजेरी घ्यावी तसं.
नऊ नंबरच्या डब्यावर आता दुसरंच नाव होतं.
तिथं थांबल्या.

माझा डावा हात
अजून खिशातच होता.