सोड

रात्री तीनला तो येतो, विचार.
ओल्या लोकरीचा वास घेऊन थेट उशाशी बसतो
आणि म्हणतो, तूच सोडलास.

फेरो बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत.
रात्री ऐकायला फक्त वारा असतो,
आणि आपण.

चौदा वर्षं झाली. कड्याच्या निम्म्यावर
गवताच्या पट्टीवर मेंढी अडकली होती,
चरत चरत उतरली, वर यायची वाट विसरली.
हायनी, माझा भाऊ, दोरावरून तिच्यासाठी गेला.
दगडाच्या धारेवर दोर कापला गेला,
पोलिसांच्या कागदावर तसंच आहे.
तुटायच्या आधी क्षणभर
माझी मूठ सैल झाली होती,
ते कागदावर नाही.

डॉक्टरीणबाई भली आहे. गोळीनं झोप येते,
मग तो सकाळी भेटतो, दाढी करताना.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर.
सगळ्यांबरोबर प्रार्थना सुरू करतो,
रोजच्या भाकरीपर्यंत नीट येतो,
ऋणांपाशी अडतो.
तिथे तोच शब्द आहे: सोड.
ज्या शब्दानं भाऊ गेला
त्याच शब्दानं माफी कशी मागू?

यंदा सप्टेंबरात सोलरून आली, हायनीची बायको.
टेबलावर नवा दोर ठेवला, पिवळा,
किमतीची चिठ्ठी अजून लोंबती.
ब्रांदुर उतरतोय या वर्षी, म्हणाली. धरशील?

मग मी मुठीचं सांगितलं. पहिल्यांदाच.
किटलीतलं पाणी आटत आलं.
"ठाऊक आहे," ती म्हणाली,
"तू दारू पिऊन एकदा कुंपणाला सांगत होतास.
म्हणून तर तुला विचारते."
आणि उठून गॅस बंद केला.

कड्यावर वारा आडवा. पोरगा धारेखाली दिसेनासा झाला.
तळहातात दोर जळत होता.
मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना म्हटली,
भाकरीच्या पुढे गेलो, ऋणांपाशी आलो,
सोड, म्हणालो,
आणि धरून ठेवलं.

प्रभू, तुझ्या तळव्यांना आरपार भोकं,
तरी त्यांतून कुणी निसटत नाही.
हे मी कितीदा ऐकलं होतं,
पण हातांनी ऐकलं नव्हतं.

आज तीनला तो येईलच.
येऊ दे. त्याला म्हणेन,
बस बाबा, पाय पुस आधी.
पोरगा वर आला.
मेंढीही आली,
मागच्या पायानं थोडी लंगडतेय.