दाव्यास कारण

शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिकाचा पेपर, शंभर गुणांचा.
तीस अभिरूप न्यायालयाला,
तीस कोर्टात बसून पाहिलेल्या दोन खटल्यांना,
तीस पक्षकाराच्या मुलाखतीला,
उरले दहा, ते तोंडी.
वहीला खाकी कव्हर. डावीकडे दोन बोटं समास.
समासात लिहायचं नाही.

अभिरूप न्यायालयात मी उसन्या कोटात
अपील जिंकले होते, कोटाच्या खिशात कुणाची तरी बडीशेप.
मग मे महिन्यात देवगडला, पारकर वकिलांकडे.
फौजदारी खटला पाहिला: जाळी जप्त, पंच फुटला.
दिवाणी पाहायला गेले तर तारीख.
पुन्हा गेले, पुन्हा तारीख.
वहीत लिहिलं: वादी व प्रतिवादी
एकाच बाकावर बसून एकाच डब्यातलं खात होते.
(गवंडे मॅडमचा लाल शेरा: असंबद्ध.)

मुलाखतीला आली शेवंती लवू कुबल.
टोपली पायरीवर ठेवली, हात पदराला पुसले.
पुस्तकात मुलाखतीच्या पायऱ्या सहा,
पहिली, पक्षकाराला मोकळं करणे.
मी विचारलं, चहा घेणार?
'बर्फ इरघाळता बाय, बेगीन इचार.'

सूचक प्रश्न टाळावेत, म्हणून विचारलं, ते कधी गेले?
'मरान गेलो इचारतंस, की होडी घेवन?'
आणि मी पेन उघडून तशीच.

परीक्षेसाठी पाठ केलं होतं एकशे आठ,
नव्या कायद्यात ते एकशे अकरा झालं,
मजकूर तोच:
सात वर्षं ज्याची खबर
ज्यांना ती स्वाभाविकपणे मिळाली असती त्यांना मिळालेली नाही.
'ज्यांना' म्हणजे ही, समोर बसलेली,
कानामागे गुलबक्षी खोवलेली.
तो जिवंत आहे असं जो म्हणेल
पुराव्याचा भार त्याच्यावर.

परिच्छेद एक ते दहा भरले. वादी, वय सेहेचाळीस,
धंदा मासेविक्री. होडीचं नाव, बंदराचा दाखला,
शोध थांबवल्याचं पत्र, घडी पडून पडून चार तुकडे झालेलं.
अकरावा: दाव्यास कारण दिनांक अमुक रोजी
या कोर्टाच्या स्थळसीमेत घडले.
दिनांक?

होडी सुटली तो लिहू?
'तवा काय झालां? सगळेच सुटले व्हते.'
बाकीच्या होड्या परत आल्या तो?
'तवा मी जेटीवर व्हतंय. काय्येक घडाक नाय.
नुसती उबी व्हतंय.'
मग बोटांवर काहीतरी मोजलं तिनं.
'एक दिस रातचे बांगडे तळलंय, दोनच माणसांचे.
माजां आणि चेडवाचां.
ध्यानातय इला नाय. सकाळी तवो घासताना आठावला.
तो दिस लिव.'
तारीख?
'तारीख कोण बघता? सोमवार नव्हतो.
सोमवारी आमच्यात बांगडो शिजणा नाय.'

पारकर वकील फाइलमधूनच म्हणाले,
बँकेच्या नकाराची तारीख घाल, मुदतीत बसते.
घातली.
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे,
वाचून दाखवलं. तिनं सही करायला पेन घेतलं,
विचारलं, 'निकाल लागल्यावर माज्या नावातलां लवू रवतला मां?'
हा प्रश्न पुस्तकात नव्हता.
वकिलांनी मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही,
तिला कळलं असावं. टोपली उचलून गेली,
पायरीवर ओल्याचा गोल राहिला.

वहीत मी समासात लिहिलं: सोमवार नव्हता.
मॅडमनी त्याला गोल केला. तीसपैकी बावीस.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक,
पंख्याखाली, घाम पुसत.
एकशे अकरा?
मी धडाधडा म्हणून दाखवलं.
भार कुणावर?
जिवंत आहे असं जो म्हणेल, त्याच्यावर.
बरोबर, म्हणाले,
आणि पुढचा रोल नंबर.